नडगीचं दुखणं आणि न आलेला निरोप

आमच्या घरात माझ्याआधी कोणी चौथीच्या पुढे शिकलं नाही. त्यामुळे स्वतःविषयी चार ओळी लिहायचाही मला संकोच वाटतो. वाचणाऱ्यांनी माफ करावं. विषयही मोठा नाही. पाय दुखत होते, एवढंच. पण त्या दुखण्यात जे घडलं ते अजून मनातून गेलेलं नाही.

मी वर्ध्याच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला होतो. केळझरजवळच्या आमच्या गावात मी लहानपणापासून कपाशीच्या धुऱ्यांवरून, म्हणजे शेताच्या बांधांवरून, काळ्या मातीत अनवाणी पळालेलो. कॉलेजात खेळाचे सर आम्हाला सकाळी पवनारच्या खडीच्या रस्त्याने पळवत. नागपूरच्या शर्यतीत लांब पळायला एकच मुलगा जायचा होता, आणि तो मी असेन असं सर दोनदा बोलले होते. मला ते इतकं हवं होतं की दुसरं काही सुचत नसे.

तो कडक रस्ता माझ्या पायांना मानवला नाही. आधी सकाळचं पहिलं पाऊल टाकताना टाच दुखायची. मग नडगीच्या आतल्या बाजूचं हाड ठणकू लागलं. बोटाने दाबलं तर डोळ्यांत पाणी यायचं. हे फक्त माझ्या खोलीतल्या मित्राला ठाऊक होतं. तोही पळायचा, नेहमी माझ्या मागोमाग यायचा.

"काऊन रे, म्हाताऱ्यावानी चालून राह्यला?" तो हसून म्हणाला. मग दार लोटून जवळ बसला. "सरले सांगू नको, नाव कापतीन. गावाले जाय, पाय पसरून बस. घरी काम निघालं म्हणून मी सांगतो सरले."

"अन् तेवढ्यात त्यायनं निवडीची चाचणी घेतली तं?"

"तुमच्या गावच्या बैलबंड्या कापूस घेऊन बाजारात येतेच ना? दिवस ठरला का बंडीवाल्यापाशी निरोप देतो. तोवर येऊ नको, सर पाय पाह्यतीन. माह्यावर भरोसा नाई का?"

मला माझ्याच शंकेची लाज वाटली.

घरी माय रुईच्या पानांना एरंडेल लावून ती तव्यावर गरम करायची आणि नडगीवर बांधायची. "पाय मोडाले शिकवते का रे तुह्या कॉलेजात?" म्हणायची, पण मला उठू देत नसे. पाचव्या दिवशी ठणका उतरला. आठव्या दिवशी मी धुऱ्यावरून हलकेच पळून पाहिलं. दुखलं नाही. मित्राचा सल्ला खरा होता, हे आजही मला कबूल करावं लागतं.

रोज दिवस मावळताना रिकाम्या बंड्या परत यायच्या. मी पांदणीच्या, शेतांमधल्या गाडीवाटेच्या, तोंडाशी उभा राहायचो.

"माह्यासाठी काई निरोप?"

"नाई गा. लगनाचा निरोप हाये का बे, एवढी वाट पाह्यतं?"

सगळे बंडीवाले हसले. मीही हसलो. अजून दिवसच ठरला नसेल, असं मी मायला सांगितलं.

दहाव्या दिवशी बाबा स्वतः बंडी घेऊन वर्ध्याला गेले. परतल्यावर बैल सोडता सोडता ते म्हणाले, "तुह्या खोलीतला दोस्त भेटला टेसनाजवळ. गुणाचा पोरगा. भर रस्त्यात पाया पडला माह्या. नागपूरले पळाले चालला म्हणे. सर बी होते संगं. ते म्हणत होते, तुमच्या पोरानं पळणं सोडलं, तसं त्याच्या दोस्तानं सांगतलं आमाले. काऊन सोडलं रे बाप्पा? मले तं बोलला नाई."