चौथ्याचे पत्ते

साकोलीत झेरॉक्सचं दुकान चालवणाऱ्या आमच्या एका सोबत्याकडे दर रविवारी चौघांचा डाव रंगायचा. पत्त्यांवर जादूगार, राक्षस, ड्रॅगन असायचे. हा सोबती ड्रॅगन जमवून "सांभाळजो बाप्पा" म्हणत हल्ला करायचा. त्याचा जिवलग मित्र ढालींचे पत्ते राखून गप्प बसायचा. पावसाळ्यात तो मित्र तापानं गेला. तेव्हापासून हा दोघांचेही पत्ते एकटाच खेळतो.

परवा याचा ड्रॅगन जिंकणारच होता. तेवढ्यात त्यानं मित्राच्या जागेवरचे पत्ते उचलले आणि त्यातली ढाल टाकून स्वतःचाच हल्ला अडवला.

"काहून गा? आमाले कुठं दिसत होता तो पत्ता?" मी विचारलं.

"त्याले तं दिसला असता ना," तो म्हणाला, आणि मित्राच्या वाटचा पुढचा पत्ता ओढताना त्याला आम्हा दोघांकडे बघवलं नाही.