मामांचे कान

"चूप! बोलून राहिले."

वल्ह्याचं पातं पाण्यात, दांड्याचं टोक कानाला लावलेलं, डोळे मिटलेले. मामांचा डावा हात वर गेला की तलावावरचे सगळे डोंगे जागच्या जागी थांबायचे. तो हात ज्या बाजूला खाली येई, त्या बाजूला जाळी पडत.

अड्याळजवळच्या त्या तलावावर मच्छीमार सोसायटी होती आणि मी तिचा कारकून. सत्तरचं दशक संपत आलं होतं. मामा सोसायटीतले सगळ्यांत जुने. लहानथोर सगळे त्यांना मामाच म्हणत.

मासे बोलतात हे तुम्हाला खरं वाटणार नाही. मलाही वाटलं नव्हतं. एकदा त्यांनी मला डोंग्यात बसवलं आणि दांडा माझ्या कानाशी धरला. आधी नुसतं पाणी घुमलं. मग कुर्र, कुर्र. बिजागरी कुरकुरावी तसं.

"टेंगरा हाय," मामा म्हणाले. "काटा घासते आन् दुसऱ्याले सांगते, ही जागा माही हाय, तू सरक."

"आणि कतला काय म्हणतो?"

"तो मोठ्या घरचा. गरिबासंग बोलत नाही."

पुढे एका उन्हाळ्यात पाणी खूप खाली गेलं होतं. मामा एकटेच डोंग्यात, दांडा कानाला लावून बसलेले. समोरच्या बेशरमाच्या झुडपांतून कोणीतरी मासे मारायला विहीर फोडायचा सुरुंगाचा तोटा पेटवून पाण्यात फेकला. आम्ही धावत पोचलो तेव्हा मासे पांढरी पोटं वर करून तरंगत होते. मामांच्या कानांतून रक्त येत होतं. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी तपासून मान हलवली. दोन्ही कान गेले होते.

मामांचा मोठा मुलगा विहिरी खोदायच्या कामावर होता. गावाला कळायचं ते कळलं. सोसायटीची सभा भरली. मुलगा खाली मान घालून मागे बसला होता. अध्यक्षांनी झुडपांकडे बोट दाखवलं आणि हातानंच मामांना विचारलं, कोण?

"मले काही ऐकू आलं नाही," मामा म्हणाले.

"अरे, पाहिलं तं असन ना!" अध्यक्ष ओरडले.

मामा त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. "मले काही ऐकू आलं नाही." बहिरी माणसं बोलतात तसं, मोठ्यानं.

पुन्हा कोणी विचारलं नाही.

त्यानंतर मामा तलावावर आले नाहीत. मी घरी जायचो. ते ओसरीवर जाळं विणत बसलेले असायचे. राग नाही, दुःख नाही. मीही त्यांच्याशेजारी तसाच बसायचो. एका संध्याकाळी मुलगा कामावरून आला, पाय धुतले आणि बापाच्या कानाशी वाकला.

"बाबा, म्याच टाकला होता. तुमी तिथं हाय, हे मले मालूम नव्हतं."

"काय म्हणतो?"

मुलगा सरळ झाला. मग त्यानं हात तोंडाशी नेऊन दाखवला. जेवा. मामा उठून आत गेले.

मामी मला म्हणाल्या, "रोज असाच सांगते. आन् रोज जेवाले बलावते."

मामा गेले तेव्हा मी बाहेरगावी होतो. आल्यावर भेटायला गेलो. मुलगा कामावरून आला, पाय धुतले आणि ओसरीवर मामांच्या जागेसमोर येऊन नुसता उभा राहिला. मामींनी आतून दोनदा जेवायला हाक मारली.