निळ्या बोटांचा घास

रबरी हातमोज्यांचा वास आला की सोलापुरातल्या आमच्या घरातलं एक जेवण आठवतं. वडील कारखान्यात चादरींचं सूत रंगवायचे. बोटांचा निळा रंग जाता जायचा नाही, म्हणून भातसुद्धा चमच्यानं खायचे. त्या जेवणाच्या दुसऱ्या दिवशी मला बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाचा विषय कॉलेजात सांगायचा होता. "फिजिक्स घे. हात चांगले राहत्यात," ते म्हणाले. "मला केमिस्ट्रीच घ्यायचीय," मी म्हणाले. चमचा ताटात आदळला. आई वाढता वाढता थांबली. वडिलांनी पहिल्यांदाच त्या बोटांनी आमटीभात कालवला आणि घास माझ्यासमोर धरला. "खाशील का ह्यो?" मी तोंड उघडलं. त्यांनीच हात मागं घेतला. "घे मग केमिस्ट्री. पर उघड्या हातानं कशालाबी शिवायचं न्हाय." आज प्रयोगशाळेत शिकवताना बिनहातमोज्यांच्या पोरींवर ओरडते, तेव्हा आवाज त्यांचाच निघतो.