सुकटीच्या बदल्यात डाळ

त्या दुपारी आम्ही दोघं स्वयंपाकघरात फरशीवर बसून सुकट साफ करत होतो. कुवेतमधलं, महबूल्यातलं मुलाचं घर. सूनबाईनं खिडकी उघडली, पंखा लावला आणि ओढणी नाकाला लावून आत निघून गेली. बायको सुकटीची डोकी मोडत म्हणाली, "माझा भाऊ असता तर तोही अस्साच नाक मुरडून उठला असता."

"त्याचा धरम होता गो. हिला काय झालंय?"

"अहो, हळू. ऐकेल ती."

हळू. दोन वर्षं या घरात हाच एक शब्द.

सुकट डब्यात भरून झाल्यावर बायको जरा पडते म्हणाली. चहाला हाक मारली तर उठलीच नाही.

भाऊ सख्खा नव्हे. आमच्या अलिबागकडचा ज्यू. गावात त्यांना शनवार तेली म्हणत, कारण तेलाचा घाणा त्यांचा आणि शनवारी तो बंद. बोलणं आमच्यासारखंच, त्यांच्या बायका नऊवारीच नेसायच्या. तरणे होतो तेव्हा इथंच कुवेतमध्ये, शुऐब्यात आम्ही एकत्र कामाला होतो. मी वेल्डर, तो वायरमन. कागदावरचं त्याचं नाव ख्रिश्चनासारखं वाटायचं, त्यानंही ते तसंच चालू दिलं. बायको एका कुवेती घरी स्वयंपाक करायची.

मग नव्वद साली इराकी घुसले. ज्यू म्हणजे हेर, सापडला तर गोळी, आणि लपवणाऱ्याला फाशी, असं जो तो सांगत होता. कामगारांच्या कॅम्पवर झडती सुरू झाली तसा हा आमच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. मी तोंड उघडायच्या आत हीच म्हणाली, "आत ये. चपला पण आत घे."

घरात तांदूळ होते आणि गावाहून आणलेली डबाभर सुकट. त्यानं ताट सारलं. ज्या मासळीला खवलं नाही ती त्यांना चालत नाही.

"इथं आमच्या मानेवर सुरी, आणि ह्याचं सोवळं बघा!"

"ताई, मीठभात चालेल मला."

"चालेल म्हणे! तू उपाशी मेलास तर इराक्यांनी काय करायचं?"

बोलली खरी, पण दुसऱ्या दिवशी सुकट पदराखाली घेऊन शेजारच्या खोलीत गेली आणि डाळ घेऊन आली. तिथंच फसलो. शेजारी कोकणातलाच होता. खाण्याचे वांधे असताना कोकणी बाई सुकट देऊन डाळ मागते? त्यानं बरोबर ओळखलं. माझ्याबरोबर कामाला कोण असतो ते त्याला ठाऊक होतंच. इराक्यांना हे सात जन्मांत कळलं नसतं. आपल्या माणसाला कळलं, आणि पिठाच्या पोत्यासाठी त्यानं ते विकलं.

जिन्यात बुटांचा आवाज आला तेव्हा हिनं त्याला गादीवर आडवा केला, कुंकू पाण्यात कालवून त्याच्या तोंडावर, मानेवर कांजिण्यांसारखे ठिपके काढले आणि वर गोधडी घातली. दोन शिपाई आत आले; एकानं हिच्या छातीला बंदूक लावली. कुवेती मालकिणीच्या शिव्या खाऊन शिकलेलं अरबी हिचं. "मरीद! मरीद!" म्हणून ओरडली. आजारी आहे, माझा भाऊ आहे. शिपाई हलेना. तेव्हा हिनं त्याचीच बाही धरली आणि त्याला गादीकडं ओढायला लागली, ये, हात लावून बघ. त्यानं झटका देऊन बाही सोडवली आणि दोघं शिपाई निघून गेले.

भीतीनं हिची साडी ओली झाली होती. ती धुऊन वाळत घातली आणि भात लावला.

पुढं आम्ही तिघं बसनं निघालो. अम्मानहून विमानानं मुंबईला उतरलो. तो शेजारी त्याच बसमध्ये पुढच्या सीटवर होता. हिनं त्याला घोटभर पाणी विचारलं नाही. बरं केलं.

भाऊ नंतर इस्रायलला गेला, त्याच्या लोकांत. दर शुक्रवारी, दिवे लागायच्या आत, गावी फोन. ताई, जेवलीस का? मग हिचं दुखणं निघालं आणि मुलानं आम्हाला इथं आणलं. इथून तिकडं फोन लागत नाही. मुलाला म्हणाली, "काहीतरी कर ना. नुसतं जेवलास का एवढंच विचारते."

"आई, त्या देशाचं नावही इथं काढू नकोस. माझी नोकरी जाईल. इंडियात गेल्यावर बघू."

नातीच्या शाळेत घरातल्या धीट माणसावर बोलायचं होतं. ही सांगायला बसली, तर सूनबाईनं पोरीला उठवून नेलं. पोरगी फायर ब्रिगेडवर बोलली. बक्षीस मिळालं म्हणे.

आता इंडियात जाणार ती पेटीतून. हिंदूला इथं जाळत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा तिच्या कागदांसाठी बाहेर पडला. मी गावी पुतण्याला फोन लावला. म्हटलं, तुझ्या दुसऱ्या फोनवरून इस्रायलला त्याला लाव आणि दोन्ही फोन एकमेकांना चिकटवून धर.

"दाजी? कुवेतवरून? येडे झालात काय! आधी ताईला द्या."

"ताई गेली रे. काल."

मग म्हणाला, "माझं नाव काढायची का कधी?"

सूनबाई दारात येऊन हातानं हळू, हळू करत होती. मी उठून उभा राहिलो आणि खालच्या रस्त्यावर ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं त्याला सांगितलं, "रोज काढायची. रोज!"