आईच्या घरी आलेली सिस्टर

नर्सिंगचा निकाल लागला तेव्हा माझ्यापुढे दोन नोकऱ्या होत्या. एक इथेच भिलाईत, सुपेल्यात, चौकाजवळच्या छोट्या नर्सिंग होममध्ये. खाली चपलांचं दुकान, वर दवाखाना. घरून सायकलनं जाता येईल इतका जवळ. दुसरी हैदराबादला, मोठ्या हॉस्पिटलच्या आयसीयूत. ते लोक आमच्या कॉलेजात मुलाखती घ्यायला आले होते आणि त्यांनी निवडलेल्या मोजक्या मुलींत मी होते.

घरी आम्ही तिघीच. बाबा नोकरीत असतानाच आजारानं गेले आणि त्यांच्या जागी ताई स्टील प्लांटमध्ये लागली. तिचं कॉलेजचं शेवटचं वर्ष तेव्हा बाकी होतं. ते बाकीच राहिलं. तिच्या नोकरीमुळे सेक्टरमधलं प्लांटचं क्वार्टर टिकलं आणि मी शिकले. हे ती कधी बोलून दाखवत नसे.

आईचं विसरणं तेव्हा नुकतंच सुरू झालं होतं. वरणात दोनदा मीठ पडायचं. संध्याकाळी ती फाटकाशी उभी राहून विचारायची, "तुये बाबा आले नाही अजून शिफ्टवरून?" मग आमचे चेहरे पाहून ओशाळायची आणि आत जाऊन उगाच भांडी आवरायची. या आजाराबद्दल मी पुस्तकात वाचलं होतं. पुढे काय काय होतं, तेही वाचलं होतं.

ताई ड्यूटीच्या कपड्यांना इस्त्री करत होती तेव्हा मी तिला म्हटलं, "मी सुपेल्यातच लागीन म्हणते."

"सुपेल्यात काय शिकशील? सलाईन लावत बसशील. तू हैदराबादले जा."

"अन् आईले कोण पाहीन?"

"मी आहो ना," ती म्हणाली आणि बाहीवरून इस्त्री फिरवत राहिली.

निघायच्या दिवशी आई अगदी पहिल्यासारखी होती. तिनं बुद्धाच्या मूर्तीपुढे मेणबत्ती लावली, मला पाया पडायला लावलं, लहानपणी घालायची तशी घट्ट वेणी घालून दिली. दुर्ग स्टेशनवर डब्याच्या खिडकीतून माझा हात धरून ती एवढंच म्हणाली, "तिथं कोणी भिलाईचं असन तं ओळख काढजो." गाडी हलली तरी तिनं हात सोडला नाही. ताईनं तो सोडवला.

हैदराबादला मी शिकलेला पहिला तेलुगू शब्द 'नोप्पी'. म्हणजे दुखणं. पेशंट तो शब्द म्हणत आणि मी विचारायची, कुठे? बाकी सगळं हातवाऱ्यांनी. काम मात्र खरंच शिकायला मिळालं. व्हेंटिलेटरवरच्या म्हाताऱ्या बायकांचे केस विंचरताना मला घर आठवे. पण कामच इतकं असे की आठवण फार वेळ टिकत नसे.

मी ड्यूटी संपली की हॉस्टेलवर पोचायच्या आधीच, युनिफॉर्ममध्येच व्हिडिओ कॉल करायची. सुरुवातीला आई बोलायची. पुढे पुढे नुसती बघायची. एकदा तिनं ताईला विचारलं, "कोणाचा फोन आहे? दवाखान्यातून आहे का?" ताईनं घाईनं फोन आपल्याकडे वळवला आणि नेटवर्क नाही म्हणाली. नेटवर्क चांगलं होतं.

पहिली मोठी सुट्टी मिळाली तेव्हा मी घरी गेले. आई व्हरांड्यात खाटेवर बसली होती. मला पाहून पदर सावरत म्हणाली, "या सिस्टर, बसा."

मी बसले. काय करावं सुचेना, म्हणून तिची नाडी पाहिली. तिनं हात शहाण्यासारखा पुढे केला.

"माही लहानी पोरगी बी नर्सिंगमध्येच आहे," ती सांगू लागली. "लय दूर आहे. तिले सुट्टीच नाही भेटत."

"येईन ती," मी म्हटलं.

"तुमाले भेटली तं सांगजा, पोटभर जेवत जाय म्हणा."

ती सगळी सुट्टी मी सिस्टर होऊन राहिले. ताईनं आंघोळ घालायला घेतली की आई ओरडायची, ही बाई मले कोंडून ठेवते म्हणायची. मी म्हटलं की मुकाट्यानं उठायची. तिची नखं कापली, गोळ्या दिल्या. उन्हाळा होता, तर बासी, म्हणजे रात्रीचा पाण्यात भिजवलेला भात, कालवून कांद्याबरोबर भरवली. ताई स्वयंपाकघराच्या दारातून बघत असायची.

एका दुपारी आई झोपल्यावर ताई म्हणाली, "माहं ऐकत नाही. तुहं बराबर ऐकते."

"मले ओळखत नाही म्हणून ऐकते."

तिनं आईच्या अंगावरची चादर सारखी केली. मग म्हणाली, "जा म्हणलं होतं मीच. पण मले वाटलं होतं, तू जाशील नाही."

तिचा आवाज शांत होता. रागावली असती तर मला काही बोलता आलं असतं.

परत निघताना आईनं विचारलं, "उद्या येसान ना, सिस्टर?" मी हो म्हटलं. ताईनं नंतर फोनवर सांगितलं की आई कितीतरी दिवस नाश्ता झाला की खाटेवर नीट बसून वाट बघायची.

थंडीत आईच्या छातीत कफ झाला, ताप चढला, आणि मी गाडीत असतानाच ती गेली. घरी पोचले तेव्हा पांढऱ्या साड्या नेसलेल्या बायका बसल्या होत्या, भंतेजी आले होते. ताईच्या शिफ्टच्या वेळी आईजवळ बसणारी शेजारची छत्तीसगढी काकी मला जवळ घेऊन म्हणाली, "सिस्टर को बहुत पूछती थी." ताईनं ते ऐकलं आणि मान फिरवली.

सगळं उरकल्यावर मी म्हटलं, "मी वापस येते. इथंच जुनवानीकडे एका दवाखान्यात जागा आहे."

"आता कायले?" ताईनं विचारलं.

 राजीनामा देऊन मी आले. आता आम्ही दोघी त्याच क्वार्टरमध्ये राहतो. तिची शिफ्ट, माझी शिफ्ट. कधी कधी दारातच भेट होते, एक आत येते आणि दुसरी बाहेर पडते.

मागच्या एका रविवारी दोघींनाही सुट्टी होती. सुपेल्याहून आणलेली लाल भाजी निवडत बसलो होतो. ताईनं खाली मान घालूनच विचारलं, "शेवटी माणसाले ऐकू येते का?"

"येतं म्हणतात. कान शेवटपर्यंत जागा असतो."

"मग ऐकलं असन तिनं," ताई म्हणाली. "मी सांगत होती, लहानी येऊन राहिली, गाडीत बसली, गोंदिया सुटलं."

आई गेली तेव्हा गाडी गोंदियाला पोचलीही नव्हती, बल्लारशाहच्या पुढे ती कितीतरी वेळ नुसतीच उभी होती. ते मी तिला सांगितलं नाही. तिच्यापुढची अर्धी जुडी माझ्याकडे ओढून घेतली आणि निवडू लागले.