एक सोडून सगळ्यांची ओटी

सावधान. देशाच्या राजधानीत, पूर्व दिल्लीतल्या एका हाउसिंग सोसायटीत, ऐन हळदीकुंकवातून सोन्याचा तोडा बेपत्ता झाला होता. त्या महाभयंकर प्रकरणाची हकिकत आता सादर होत आहे. वाचकांनी सावरून बसावं. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, पण मनातून जात नाही ती हीच घटना.

मी तेव्हा तिथल्या पोलीस ठाण्याचा प्रमुख होतो. सकाळी एक मराठी वहिनी आल्या. सोबत सोसायटीचा गार्ड आणि त्यांच्याकडे घरकाम करणारी बाई. आदल्या संध्याकाळी संक्रांतीचं हळदीकुंकू झालं, पाहुण्या गेल्या, आणि वहिनींच्या हातात तोडा नव्हता. खबर गार्डची होती. "साहब, ये शॉल दबाकर निकली थी."

"जानेवारीत दिल्लीत शाल दाबून न चालणारा माणूस दाखव," मी म्हणालो, "मी त्यालाच आत टाकतो."

ड्यूटी ऑफिसरने रोजनाम्यात नोंद केली. मी महिला कॉन्स्टेबलला बोलावलं आणि बाईंना म्हटलं, "आप बैठिए." त्या भिंतीला टेकून उभ्याच राहिल्या. वहिनी माझ्याकडे झुकल्या. "साहेब, तुम्ही आपल्यातले म्हणून बोलते. तिला खुर्ची कशाला? जरा दरडावा, लगेच कबूल करेल."

दरडावलं की माणूस लगेच कबूल करतो, हे खरं. न केलेलंसुद्धा करतो. म्हणून माझ्या ठाण्यात आधी खुर्ची, मग चहा, मग प्रश्न. शिपाई मला पाठीमागे 'हलवाई' म्हणायचे.

बाई शेवटी बसल्या. चहाला हात लावला नाही. "साहब, गेट पर मेरी फोटो लग गई तो पूरी सोसायटी में कोई घर में नहीं घुसने देगा. आप तलाशी ले लो. पर मैं हाथ नहीं जोड़ूँगी. मैंने लिया नहीं है."

मी वहिनींकडे वळलो. "तोडा शेवटचा कधी पाहिलात?"

"ओट्या भरायला घेतल्या तेव्हा होता. फिरकी जरा ढिली झाली होती, म्हणून तेवढं लक्षात आहे. सगळ्यांच्या ओट्या भरून झाल्यावर पाहिलं तर नाही."

आता माझ्या घरीही हळदीकुंकू व्हायचं. दोन्ही हातांनी ओंजळ भरायची, पुढं वाकायचं, तांदूळ पदरात सोडायचे. ढिल्या फिरकीला यापेक्षा चांगली संधी कुठली? मी बाईंना विचारलं, "आपके पल्लू में भी चावल डाले थे?"

"मुझे किसने बुलाया? मैं रसोई में थी."

"वहिनी, यांची ओटी भरली नाहीत?"

"अहो, ती काय, घरातलीच."

"घरातली, तर ठाण्यात कशी आली?"

मी उठून टोपी घातली. तोडा गेला असेल तर कुणाच्या तरी ओटीतून गेला होता, आणि त्या घरात ओटी न मिळालेली बाई एकच होती. तिचा अपमानच तिच्या बाजूनं साक्ष देत होता.

आमची वरात सोसायटीत निघाली. मराठी घरांतले तांदूळ केव्हाच डब्यात गेले होते. डबे परातीत उपसले. एका घरी भात शिजत होता, तिथं मी कुकरही उघडायला लावला. काही नाही. मग वरच्या मजल्यावरच्या पंजाबी शेजारीण. त्या आम्हाला थेट देवघरापाशी घेऊन गेल्या. ओढणीत घेतलेली ओटी त्यांनी जशीच्या तशी गाठ मारून देवापुढं ठेवली होती. "भाभीजी ने इतने आदर से दी थी. अब इसका करते क्या हैं, पूछने में शरम आई."

गाठ सोडली. नारळाखाली, तांदळात, तोडा.

वहिनींनी तो छातीशी धरला, पुन्हा हातात चढवला आणि बाईंना म्हणाल्या, "चलो, हो गया. कल टाइम पे आ जाना."

बाई हलल्या नाहीत. "चोर सबके सामने बनाया था. अब जो कहना है, सबके सामने कहिए."

मला त्या क्षणी सलाम ठोकावासा वाटला. चोर पकडणं सोपं असतं. समोरच्याला 'आप' म्हणणं फुकट असतं, तरी लोक त्यातच काटकसर करतात. आणि स्वतःचा मान स्वतः मागणारं माणूस मी वर्दीतही फार कमी पाहिलं. मी गार्डला पिटाळलं. कालच्या साऱ्या पाहुण्या वहिनींच्या दिवाणखान्यात जमल्या. वहिनींचा आवाज आधी पुटपुटता होता. मग त्यांनी मान वर केली आणि स्पष्ट म्हणाल्या, "गलती मेरी थी. आपने कुछ नहीं लिया. माफ कर दीजिए."

आणि बाईंना पाटावर बसवलं. हळद लावली, कुंकू लावलं, तिळगूळ दिला. तांदळाची ओंजळ भरून वहिनी पुढं वाकल्या. बाईंनी पसरलेला पदर चटकन मागं घेतला.

"मैडम, पहले कंगन उतार दीजिए."