रस्ता ओलांडताना साहेब

अंबडच्या कारखान्यात नव्या गाडीचं तोंड कसं असावं, हे आमचे साहेब ठरवत. बोलताना ते टेबलावर बोटं वाजवत आणि दर वाक्याला 'काय?' जोडत. उत्तर मात्र त्यांना नको असे.

शिकून नोकरीला लागलेला आमच्या घरातला मी पहिलाच. वडील अजून मखमलाबादहून भाजीची पाटी घेऊन रस्त्याच्या कडेने चालत येत. एकदा ड्रॉइंग पुढे करून मी म्हणालो, "साहेब, बॉनेट आणि इंजिनात थोडी जागा सोडली तर पत्रा दबेल. धडकलेल्या माणसाचं डोकं वाचेल."

"पायी चालणारा आपलं गिऱ्हाईक आहे का रे? नाक उंच झालं की गाडी बेडकासारखी दिसते, काय?" असं म्हणून त्यांनी ती जागा लाल पेनाने खोडली.

त्याच संध्याकाळी आम्ही हायवेपलीकडे चहाला निघालो. साहेबांनी माझं कोपर धरलं आणि गाड्या येत होत्या त्या बाजूला मला ठेवलं. दुभाजकापुढे गाड्या दुसऱ्या बाजूने येऊ लागल्या, तेव्हा ते मुकाट्याने माझ्या मागून फिरून पुन्हा माझ्या आडोशाला आले.

पलीकडे पोचल्यावर घाम पुसत म्हणाले, "या लोकांना पायी चालणारा माणूस दिसतच नाही, काय?"